पिवळा टाका कापणाऱ्याचे दोन शब्द

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा, आदरणीय मेट्रनबाई. व्यासपीठावर बसलेले हॉस्पिटलचे अधीक्षक साहेब. आमच्या धुलाई संस्थेचे बाराही सभासद. तिसऱ्या रांगेत बसलेल्या, पहाटे निघून दोनशे तीस किलोमीटरवरून आलेल्या ताई. वॉर्डातल्या मावश्या, मामा, सगळे वडीलधारे. आणि ज्यांच्यासाठी आपण जमलो आहोत, त्या, चादरखोली एकतीस वर्षं सांभाळून आज निवृत्त होणाऱ्या आमच्या बाई. सगळ्यांना माझा नमस्कार.

सुरुवातीलाच एक कबुली देतो. मी भाषण लिहून आणलंय. चार पानं आहेत. आठ दिवस लागले. पण त्यातली शेवटची दोन पानं आता उपयोगाची नाहीत. शेवटच्या दोन पानांत मी लिहिलं होतं, 'बाई आता लेकीकडे जाऊन नातवंडांत रमणार, खूप राबल्या, आता आराम करोत.' आणि आत्ता, दहा मिनिटांपूर्वी, मेट्रनबाईंनी प्रास्ताविकात सहज सांगावं तसं सांगितलं की बाई लेकीकडे जात नाहीयेत. उद्या सकाळच्या गाडीने त्या तिसऱ्या रांगेतल्या ताईंच्या गावाला निघाल्यात, आणि तिथे त्यांनी खोलीसुद्धा घेतलीय.

तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला टाळ्या वाजवायला हातच उचलता आले नाहीत. माझ्या शेजारी ट्रकचा ड्रायव्हर बसलाय, ज्याला आपण सगळे 'हॉर्न' म्हणतो, तो मला म्हणाला, "तोंड मीट रे, माशी जाईल."

तर बोलायचं ते या अवस्थेत बोलतो. सांभाळून घ्या.

मी कोण, हे नव्या लोकांना सांगायला हवं. मी सातवी पास आहे, तेही दुसऱ्या धक्क्यात. घर इथून दोन दिवसांच्या वाटेवर आहे. पायाला भिंगरी लागलेली. नऊ वर्षांत आठ कामं केली, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्याच दिवशी बाहेर पडायचा दरवाजा कुठे आहे ते बघून ठेवलं. आई फोनवर विचारते, "जेवलास का?" आणि त्यानंतर लगेच, "अजून तिथेच आहेस का?" इथे मी आलो तो हमाल म्हणून. हॉस्पिटलच्या मळक्या चादरी धुलाई कंपनीच्या ट्रकमध्ये भरायच्या, धुऊन आलेल्या उतरवायच्या. महिनाभर टिकेन, असा माझाच अंदाज होता.

चौथ्या दिवशी बाईंनी मला विचारलं, "या चादरी जातात कुठे?"

म्हटलं, "ट्रकमध्ये."

"आणि ट्रक?"

"लांब."

"लांब म्हणजे?"

आता सांगा, हमालाला कोणी असं विचारतं का? मी म्हटलं, "बाई, मी भरतो. जायचं काम ट्रकचं."

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "गुरुवारी दुपारी तीन वाजता इथे ये. बसायला गठ्ठे आहेत."

त्या गुरुवारच्या वर्गाबद्दल बाहेर फार गैरसमज आहेत. काहींना वाटतं शिवणाचा क्लास असायचा. अधीक्षक साहेबांना, त्यांनी मागे मला स्वतः सांगितलंय म्हणून बोलतो, वाटायचं की तिथे युनियन चाललीय. तिथे काय चालायचं? दोन आया, सायकल दुरुस्त करणारे काका, एक घरी बसलेली नर्स, मी, आणि कोण कोण येऊन जाऊन. फळा नव्हता. एक फाटकी चादर जमिनीवर अंथरायची, मधोमध हॉस्पिटल म्हणून एक बटण ठेवायचं, आणि बाई विचारायच्या: या आवारात काय काय येतं? कुठून येतं? काय जातं? कोणाच्या हातून? जे इथल्या इथे फिरतं त्याला हिरवा धागा, जे बाहेर जातं त्याला लाल. साबण, लाल. औषधं, लाल. भाजी, अर्धी अर्धी. झाडू कोणालाच माहीत नव्हता, तेव्हा काका उठून झाडूवाल्याला विचारून आले. तास संपला तेव्हा ती चादर लाल धाग्यांनी नुसती भरली होती. जणू बटणातून रक्त वाहत होतं.

आणि सगळ्यात जाड लाल धागा माझ्या ट्रकचा.

मी आवाराशेजारच्याच लोकांबरोबर राहायचो. ज्या चाळीत मी खाट घेतली होती तिथे दर दोन घरांआड एक बाई नाहीतर बाप्या कामाशिवाय बसलेला. खिडकीतून त्यांना हॉस्पिटल दिसतं. हॉस्पिटलच्या चादरी मात्र धुवायला दोनशे तीस किलोमीटर जातात आणि दोनशे तीस किलोमीटर परत येतात, आणि त्या भरायचं काम मी करतो! मी गठ्ठ्यावरून उठलोच. म्हटलं, "हे कोणाला दिसत कसं नाही?"

बाई म्हणाल्या, "तुला आजवर दिसलं होतं?"

बसलो परत.

कंपनीच्या कागदावर लिहिलेलं असायचं, चादर दोन दिवसांत परत. खरंच येते का? बाईंनी युक्ती काढली. चाळीस चादरींच्या कोपऱ्यात त्यांनी हाताने एकेक निळा टाका घातला आणि तारीख लिहून ठेवली. परत येईल तेव्हा ती चादर ओळखायची, दिवस मोजायचे, ही जबाबदारी माझ्यावर. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी मला लिहायची वही दिली होती. मी असा काही लागलो की विचारू नका! दोन दिवस कसले, चादर सरासरी सहा दिवसांनी यायची. एक तर अकराव्या दिवशी आली. म्हणून तर हॉस्पिटलला खाटेवर एक, ट्रकात एक आणि कपाटात दोन, अशा चार चार चादरी एका खाटेमागे ठेवाव्या लागत.

आता कागदावर जे लिहिलेलं नाही ते सांगतो. मेट्रनबाई, घंटी वाजवायची असेल तर थोडं थांबा, हे सांगितल्याशिवाय मला खाली बसता येणार नाही.

साधारण तिसऱ्या आठवड्यात एका चादरीवर निळ्या टाक्याशेजारी एक पिवळा टाका आला. मला वाटलं, कंपनीची कसलीतरी खूण. माझ्या मोजणीत घोळ नको म्हणून मी खिशातून छोटी कात्री काढली आणि तो कापला. दुसऱ्या दिवशी आणखी दोन आले. कापले. मग रोजच यायला लागले. मी इमानदारीत, एक न चुकता, कापत गेलो. बाईंच्या खोलीत धागा फेकायला बंदी, म्हणून ते तुकडे टाचण्यांच्या जुन्या डबीत टाकत गेलो. पाच महिने! मला वाटायचं, काय नीटनेटका माणूस झालोय मी.

त्या पाच महिन्यांत इकडे आमची आखणी चालली होती. आधी आम्ही एक भलंमोठं मशीन काढलं कागदावर. बाई म्हणाल्या, "हे बंद पडलं तर उघडणार कोण?" उत्तर आलं, कंपनीचा माणूस. "तो कुठून येणार?" काकांनी लाल रीळ पुढे सरकवलं. "म्हणजे आणखी एक लाल धागा." मग मोठं खोडून तीन लहान घेतली, जी सायकलवाले काका उघडू शकतील. काका म्हणाले, "पंक्चर सोडून आजवर कोणी मला काही विचारलं नव्हतं." शेवटचं खळबळलेलं पाणी पुढच्या घाण्याला पहिलं वापरायचं. मालक कोणी एक नाही. जो धुतो तो सभासद, आणि प्रत्येकाला एक मत. जागा म्हणून हॉस्पिटलच्या मागचं बंद गोदाम मागितलं. अधीक्षक साहेबांनी आधी नाही म्हटलं, मग बघू म्हटलं, मग माझी वही बघितली आणि विचारलं, "अकरा दिवस? खरंच?" साहेब, त्या दिवशी तुमचा चेहरा बघून मला फार बरं वाटलं होतं, माफ करा.

तर संस्था सुरू झाली. बारा जणांना काम लागलं. मलाही त्यांनी सभासद केलं. कंपनीचा करार संपला, आणि शेवटचा ट्रक आला.

दुपारची वेळ होती. मी गठ्ठे उतरवत होतो, बाई मोजून घेत होत्या. एका चादरीला निळा टाका दिसला. शेजारी पिवळे टाके. एक नाही, अख्खी ओळ. मी सवयीने कात्री काढली.

बाई म्हणाल्या, "थांब."

त्यांनी चादर खिडकीपाशी नेली. चष्मा लावला. मग काढला. बोट फिरवून बघितलं. म्हणाल्या, "हे एका हाताचे नाहीत."

मला कळेना. त्या म्हणाल्या, "हा बघ घट्ट ओढलाय. हा सैल. ही डावखुरी आहे. हिने आयुष्यात सुई धरली नव्हती. हे सतरा टाके आहेत, आणि सतरा हात आहेत." मग माझ्याकडे वळल्या. "असे आधी कधी आले होते?"

मी डबी आणून दिली.

त्यांनी ती टेबलावर उपडी केली. पाच महिन्यांचे पिवळे तुकडे. एवढासा ढीग, मुठीत मावेल इतका. बाईंना मी कधी खोलीत बसलेलं बघितलं नव्हतं. त्या दिवशी त्या खाली बसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाल्या, "अरे, कोणीतरी बोलत होतं आपल्याशी."

मंडळी, लाल धागा आम्ही रोज बघत होतो. त्याला आम्ही 'बाहेर' म्हणायचो. चादर अंथरली होती ती आवारापुरती, धागा कडेपर्यंत न्यायचा आणि सोडून द्यायचा. कडेच्या पलीकडे काय आहे, हे दोन वर्षांत एकाही गुरुवारी आम्ही विचारलं नाही. ज्या बाई झाडूसुद्धा कुठून आला ते विचारायला लावतात, त्यांनीही नाही.

दुसऱ्या दिवशी हॉर्न कंपनीच्या रिकाम्या ट्रॉल्या परत करायला निघाला होता. बाई मला म्हणाल्या, "जा. बघून ये."

दुपारी बाराच्या सुमाराला पोचलो. पत्र्याची मोठी शेड, आत वाफ, आवाज इतका की आपला श्वास ऐकू येत नाही. कडेला काही बायका आपापले डबे, चपला पिशवीत भरत होत्या. आमचं काम गेलं म्हणून कंपनीने एक पाळी बंद केली होती. मी मोजल्या. मोजायची सवय लागलेली. सतरा.

त्यांच्यातल्या एक पुढे आल्या. कोपरापर्यंत हात गरम पाण्याने लाल झालेले, एप्रनच्या खिशात पिवळ्या दोऱ्याचं रीळ. माझ्या शर्टावरचं हॉस्पिटलचं नाव वाचलं आणि म्हणाल्या, "तुम्हीच का ते निळे?"

"मी... म्हणजे हो. निळा टाका आमच्या बाई घालतात."

"आणि पिवळा कोण कापतं?"

मी वाफेकडे बघितलं. खोटं बोलायला मला कधी अडचण आलेली नाही, नऊ वर्षांत आठ मालकांना विचारा. पण तोंडातून निघालं, "मी."

मागून एक म्हणाली, "बघा, मी म्हटलं होतं ना, कापलेलाय तो, तुटलेला नाही!" दुसरी म्हणाली, "आणि आम्हाला वाटायचं आमची गाठ कच्ची पडते. या येड्यापायी मी रोज दुहेरी गाठ मारत होते."

ताईंनी हात पुढे केला. "कात्री कुठाय?"

दिली.

त्यांनी ती एप्रनच्या खिशात टाकली आणि म्हणाल्या, "आता बस. चहा पी."

मी विचारलं, कशासाठी घालत होता टाके? त्या म्हणाल्या, "दिवसभर कोणाच्या तरी चादरी. कोणाच्या, ते कधी दिसत नाही. रक्त दिसतं, औषध दिसतं, माणूस दिसत नाही. एक दिवस टाका दिसला, हाताने घातलेला. वाटलं, कोणीतरी विचारतंय, आहात का तिकडे? आम्ही म्हटलं, आहोत." चहाचा घोट घेतला. "मग काम कमी होणार अशी कुणकुण लागली, तेव्हा सगळ्यांनी मिळून घातले."

मी कप खाली ठेवला. मी त्यांना सांगितलं, काम आम्ही घेतलंय. तिकडे बारा जणांना लागलंय. तुमच्या सतरा जणींचं गेलंय ते आमच्यामुळे.

 मग ती दुहेरी गाठवाली म्हणाली, "तुमच्याकडे बारा घरं जेवतात ना? मग तुम्हाला काय शिव्या द्यायच्या? आणि नाही द्यायच्या तर कोणाला द्यायच्या?"

मी रिकाम्या ट्रॉल्या उतरवायला उठलो.

निघता निघता मी नुसतं बोलायचं म्हणून विचारलं, "तुमच्या गावातलं हॉस्पिटल केवढं आहे?"

ताई म्हणाल्या, "आहे की मोठं. तीनशे खाटांचं."

"त्यांच्या चादरी इथेच येत असतील."

"छे! त्या जातात लांब."

"लांब म्हणजे?"

माझ्याच तोंडून बाईंचा तो प्रश्न आला. ताईंनी आमच्याच दिशेला हात केला. "तिकडे, तुमच्या पलीकडच्या शहरात. निळा ट्रक येतो."

हॉर्न शेजारी बिस्किट खात होता. त्याने ते खाली ठेवलं. "पाठीमागे गुलाबाचं चित्र आहे तो?"

"तोच."

"अगं, त्याला मी रोज हात करतो! टोलनाक्याच्या अलीकडे. चार वर्षं झाली. तो हॉर्न देतो, मी हॉर्न देतो."

म्हणजे बघा. एका गावाच्या मळक्या चादरी दुसरीकडे चालल्यात, दुसऱ्या गावाच्या पहिल्याच्याही पुढे, आणि दोन ट्रक रस्त्यात एकमेकांना रामराम करून जातात. दोन्ही गावांत माणसं खिडकीत बसलेली. सतरा जणींपैकी पहिली कोण हसली ते आठवत नाही, पण हसू थांबेना, आणि मग एक जण रडायला लागली.

परत येऊन मी बाईंना सगळं सांगितलं. मी विचारलं, "बाई, आपण चुकलो का?" त्यांनी त्या सतरा टाक्यांवरून बोट फिरवलं. म्हणाल्या, "धुलाई इथे आणली ते चुकलं नाही. चादर छोटी अंथरली, ते चुकलं. आपण ज्याला बाहेर म्हणालो, तिथे या बायकांचं घर होतं." आणि पुढच्या गुरुवारी फरशीवर दोन चादरी जोडून शिवलेल्या होत्या.

गेल्या पाच महिन्यांत ताई चारदा इथे आल्या. आमच्या गोदामात उभं राहून त्यांनी आमचे दोष काढले. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "आयोडीनचे डाग असे काढतात? कोणी शिकवलं?" त्यांनी शिकवलं. मशीनची दुरुस्ती काकांनी त्यांच्यातल्या दोघींना शिकवली. त्यांच्या गावाच्या हॉस्पिटलने सांगितलंय की पुढच्या महिन्याअखेर पूर्ण आराखडा दाखवा, पटला तर चादरी गावातच धुवायला देऊ. नाही पटला तर निळा ट्रक आणखी तीन वर्षं. सतरा जणींचं सगळं त्या एका आराखड्यावर आहे. तो कोण बसून करणार, कोणाला सुचत नव्हतं. मला वाटलं, बाई पत्राने सांगतील, फोनवर सांगतील.

बाई खोली घेऊन बसल्या!

आणि एवढ्यावर धक्के संपले असं समजू नका. मघाशी मी इकडे यायला उठलो तेव्हा बाईंनी माझा हात धरला आणि हातात काहीतरी दिलं. मला वाटलं, लवंग असेल, घशासाठी. ही बघा. चादरखोलीची किल्ली. मेट्रनबाई मान डोलावतायत, म्हणजे त्यांनाही माहीत होतं. साहेब हसतायत. म्हणजे सगळ्यांना माहीत होतं, फक्त माझ्याशिवाय.

बाई, तुम्हाला ठाऊक आहे की माझी बॅग भरलेली आहे. बंदरावर काम ठरलंय माझं, सोमवारपासून. हे मी फक्त तुम्हालाच सांगितलं होतं, आणि तुम्ही "बरं" म्हणाला होतात. एवढंच. सातवी पास माणूस वर्ग घेणार? येणाऱ्याला शिकवणार काय?

आत्ता उभ्या उभ्या मला आठवतंय की तुम्ही तरी आम्हाला काय शिकवलंत? दोन वर्षांत एकदाही उत्तर दिलं नाहीत. "लांब म्हणजे?" एवढंच विचारत राहिलात. ते मला येतं. ताईंच्या शेडमध्ये आपोआपच आलं होतं.

घरी आईला फोन करीन. ती विचारेल, "अजून तिथेच आहेस का?" तिला सांगायचं काय, ते ठरलं. बंदरवाल्यांना काय सांगायचं ते ठरायचंय.

गुरुवारी दुपारी तीन वाजता चादरखोली उघडी असेल. बसायला गठ्ठे आहेत. ज्यांना वाटतं तिथे शिवण चालतं, त्यांनीही यावं. साहेब, तुम्हीसुद्धा.

बाई, तुम्हाला निरोप द्यायला आलो होतो, तो काही मला देता येत नाही. दोनशे तीस किलोमीटर म्हणजे काही लांब नाही. हॉर्नला वाट पाठ आहे. तिकडून काही पाठवलंत तर या वेळी मी नीट बघेन.

अध्यक्षांनी दोनदा घंटीकडे हात नेला आणि दोन्ही वेळा मागे घेतला, त्याबद्दल त्यांचे आभार. ऐकून घेतलंत म्हणून तुम्हा सगळ्यांचे आभार. न शिकलेल्या माणसाचं बोलणं आहे. कुठे काही जागा सोडून आलं असेल, कोणाला लागलं असेल, मोठ्यांसमोर आवाज चढला असेल, तर पदरात घ्या. पण एक विनंती आहे. यात काही भलत्याच रंगाचं दिसलं तर लगेच कापू नका. आधी मला विचारा, कदाचित ते उत्तर असेल. आणि तसंही, कात्री ताईंच्या पिशवीत आहे, आणि त्या ती परत द्यायच्या विचारात दिसत नाहीत.

नमस्कार.